टिट्वी, नऊ दिवसांपूर्वी

१

इस्त्री घ्यायला आलेल्या एक बाई इस्त्री न घेताच दुकानात बसून राहिल्या आहेत आणि काही केल्या उठत नाहीत, असा मॅनेजरचा फोन पेचकसला गुरुवारी दुपारी आला. बाई गेमच्या स्टँडसमोर बसल्यामुळे हे काम त्याचं, असं मॅनेजरचं म्हणणं.

पेचकस हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण कामामुळे ते त्याला कायमचं चिकटलं होतं. शहरातल्या बावीस दुकानांमध्ये व्हिडिओ गेमचे डेमो स्टँड होते, त्यांची देखभाल तो एकटा करायचा. वर स्क्रीन, खाली कुलूपबंद कपाट, कपाटात गेमचं मशीन आणि बाहेर जाड वायरीने बांधलेले दोन कंट्रोलर. फुकट ते पौष्टिक, म्हणून लोक त्यावर तुटून पडायचे. बटणं रुतायची, वायरी तुटायच्या, पंखे धुळीने गुदमरायचे. कपाटांच्या किल्ल्या फक्त त्याच्याकडे असत. पंचेचाळिशीचा, मोजकं बोलणारा माणूस. काम संपल्यावर एक स्क्रू जरी हातात उरला तरी त्याला जेवण गोड लागत नसे.

तो पोचला तेव्हा बाई स्टूलावर ताठ बसल्या होत्या. गळ्यात मोजपट्टी तशीच लटकत होती. घरी कपडे शिवायचं काम अर्धं टाकून आल्या असाव्यात. स्क्रीनवर कोल्ह्याचा गेम होता. झुलत्या पुलांवरून उड्या मारत कोल्हा पळवायचा. कोणी खेळत नसलं की पहिल्या दहा खेळाडूंची यादी आपोआप वर यायची. बाईंनी बोट दाखवलं ते पहिल्या ओळीकडे.

टिट्वी. एकसष्ट हजार तीनशे चाळीस. नऊ दिवसांपूर्वी.

"ही माझी मुलगी आहे," बाई म्हणाल्या. "चौदा महिने झाले, घर सोडून गेलीये. आणि नऊ दिवसांपूर्वी ती इथं उभी होती."

मॅनेजरने पेचकसला बाजूला घेतलं. पोलिसांनी पहिल्याच महिन्यात हात वर केले होते. मुलगी सज्ञान आहे, चिठ्ठी लिहून आपल्या पायांनी गेली आहे, आम्ही काय करणार. दुकानातले कॅमेरे फक्त सात दिवसांचं साठवतात, त्यामुळे तीही वाट बंद. असलं नाव कोणीही टाकू शकतं, तू यादी पुसून टाक आणि मोकळा हो, असं मॅनेजरचं म्हणणं पडलं. मशीनसुद्धा काही फार दिवसांचं नव्हतं. जुन्याचा पंखा जळाला म्हणून मागच्या आठवड्यात बुधवारी पेचकसनेच गोदामातून दुसरं आणून बसवलं होतं.

बाईंनी हे ऐकलं असावं.

"नाव कोणीही टाकेल," त्या म्हणाल्या. "पण टिटवीतला दुसरा ट मोडून कोण लिहील? दुसरीत होती तेव्हापासून ती तसंच लिहिते. मास्तरांनी मारलं तरी सुधारली नाही."

पेचकसने किल्ली परत खिशात टाकली. यादी त्याने पुसली नाही.

२

सुरुवात त्याने स्टँडजवळ उभं राहून लोकांना गेम समजावून देणाऱ्या मुलीपासून केली. दुकानात तिला सगळे डेमोवाली म्हणत. आठ महिने ती त्या एका जागी उभी होती, आणि खेळायला येणाऱ्यांचे चेहरे तिला पाठ होते. बाईंनी पर्समधून काढलेला फोटो तिने दोनदा पाहिला. किरकोळ अंगाची, मोठ्या डोळ्यांची एकोणीस वर्षांची मुलगी. नाही, ही कधी आलेली नाही, डेमोवालीने ठाम सांगितलं. आणखी एक गोष्ट ती म्हणाली, जी पेचकसने मनात ठेवून घेतली. तिसऱ्या पुलावर सगळेच पडतात. चाळीस हजारांच्या पुढे कोणी गेलं तर आजूबाजूला घोळका जमतो. एकसष्ट हजारांचा खेळ तिच्या डोळ्यांदेखत झाला असता आणि तिला कळलं नसतं, हे शक्यच नव्हतं. नऊ दिवसांपूर्वी ती सुट्टीवरही नव्हती.

मग नाव आलं कुठून?

बाईंचा संशय बिलाच्या काउंटरवर बसणाऱ्या मुलीवर होता. ती टिटवीची शाळेपासूनची मैत्रीण, एका बाकावर बसलेली. घरचं नाव तिला ठाऊक, मोडका टसुद्धा. आईच्या जीवाला बरं वाटावं म्हणून, नाहीतर चेष्टेने, तिनेच लिहिलं असेल.

मैत्रिणीने काउंटर सोडला आणि तिघं सामानाच्या खोलीत रिकाम्या खोक्यांमध्ये उभी राहिली. तिने आपल्याला खेळता येत नाही, असं सांगितलं. ते खरं होतं, पेचकसने तिला पहिल्या पुलावरून पडताना पूर्वी पाहिलं होतं. पण ती खोक्यांवरची चिकटपट्टी सोलत का उभी होती, ते त्याला कळेना. त्याने पुन्हा विचारलं, तेव्हा ती त्याच्याशी न बोलता बाईंशी बोलली.

"काकू, नाव मी नाही टाकलं. पण ती गेली ती माझ्यामुळे. कॉलेज बुडवून ती दुपारभर इथं खेळत असते, हे काकांना मीच सांगितलं होतं. मला वाटलं, ते तिला समजावतील."

समजावलं नव्हतं. वडील ड्यूटीच्या गणवेशात दुकानात आले आणि भर गर्दीत मनगट धरून तिला या स्टँडपासून दारापर्यंत ओढत नेलं. हातातला कंट्रोलर तिने सोडला नव्हता. वायर ताणून तुटली होती. ती तुटलेली वायर आपणच बदलल्याचं पेचकसला अंधुक आठवलं. चार दिवसांनी मुलगी घरातून गेली.

बाईंना हे सगळं नवीन होतं. नवऱ्याने घरी येऊन फक्त एवढंच सांगितलं होतं, की कार्टी नापास झाली आहे.

मग निदान मागचे सात दिवस तरी पाहू, कोणी ओळखीचं स्टँडजवळ घोटाळताना दिसतंय का, असं म्हणून पेचकसने मॅनेजरकडून कॅमेऱ्याचं चित्रण लावून घेतलं. सातही दिवस, बाराच्या सुमारास, एक माणूस स्टँडसमोर येत होता. कंट्रोलरला हात लावत नव्हता. वीस मिनिटं स्क्रीनकडे पाहत उभा राहायचा आणि निघून जायचा. अंगावर बस चालवणाऱ्याचा गणवेश होता.

"थांबवा तिथंच," बाई म्हणाल्या. "हे आमचे हे आहेत."

३

बाईंना घरी पाठवून पेचकस एकटाच बस डेपोत गेला. तुम्ही समोर असलात तर ते तोंड उघडणार नाहीत, असं त्याने त्यांना सांगितलं, आणि त्यांनाही ते पटलं.

वडील कँटीनच्या कोपऱ्यात डबा उघडून बसले होते, पण जेवत नव्हते. आडव्या हाडाचा, केस पिकलेला माणूस. मी गेमच्या स्टँडचा माणूस, एवढं पेचकस म्हणाला आणि त्यांनी डब्याचं झाकण लावून टाकलं.

पेचकसच्या डोक्यात एक हिशोब तयार होता. मुलीला ओढून नेणारा बाप, पश्चात्तापाने पोखरलेला. त्याने कोणाकडून तरी तो खेळ खेळवून घेतला असेल आणि नाव स्वतः टाकलं असेल, कधीतरी बायकोच्या नजरेस पडावं म्हणून. त्याने ते आडवळणाने विचारलं.

वडिलांना राग आला नाही. ते म्हणाले, तसं सुचलं असतं तर केलंही असतं. पण बायकोच्या नजरेस पडू नये म्हणूनच ते आठवडाभर तोंड शिवून होते. तिला सांगितलं असतं तर ती कामधाम सोडून तिथेच बसली असती, आणि मुलगी आलीच नाही तर? एकदा आशा लावायची आणि मग ती आपल्याच हाताने काढून घ्यायची, हे त्यांच्याच्याने होण्यासारखं नव्हतं.

टिटवी हे नाव त्यांनीच ठेवलेलं. पोर बोलायला लागली ती थांबेचना. बायको म्हणायची, अशुभ पक्ष्याचं नाव लेकीला कशाला? तेव्हा ते म्हणायचे, अगं, टिटवीसुद्धा समुद्र आटवते.

गेल्या चौदा महिन्यांत ते दर बुधवारी त्या दुकानात जात होते. बुधवारी त्यांची बस तिथल्या थांब्यावर अर्धा तास उभी असते. जाऊन करायचं काहीच नसे. जिथून तिला ओढलं तिथे नुसतं उभं राहायचं.

"तुम्ही मला ओळखलं नाहीत," ते म्हणाले, "पण मी तुम्हाला पाहिलंय. मागच्या बुधवारी मी आत आलो, तेव्हा तुम्ही त्या कपाटाला कुलूप घालत होता. तुम्ही हत्यारं उचलून बाजूला झालात आणि यादी वर आली. तिचं नाव. आणि पुढे लिहिलं होतं, 'काल'. एका दिवसाने चुकामूक झाली हो आमची. म्हणून मग रोज येतो."

पेचकसने पुढचा प्रश्न मुद्दाम हळू विचारला. मी कुलूप लावत असतानाच नाव होतं? मध्ये कोणी खेळलं नाही? नक्की?

"कोणीच नाही. मीच पहिला उभा होतो."

पेचकस उठला. त्याचा चेहरा पाहून वडीलही उठले. बुधवारी सकाळपर्यंत ते मशीन गोदामात, सगळ्यात वरच्या फळीवर, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पडून होतं. ज्या 'काल'बद्दल हा माणूस बोलत होता, त्या काल त्या मशीनला वीजसुद्धा नव्हती.

४

शुक्रवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी त्याने कपाट उघडलं. मागे चौघं उभी होती: आई, वडील, मैत्रीण आणि घड्याळाकडे बघणारा मॅनेजर. नवरा-बायकोमध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर होतं.

स्क्रीनवर देखभालीचं पान उघडायला त्याची किल्ली लागायची. ते उघडल्यावर कोपऱ्यात मशीनची स्वतःची तारीख दिसली. बाहेर नोव्हेंबर अर्धा सरला होता, लोक स्वेटर घालून फिरत होते. मशीनच्या मते आज एप्रिलची एकवीस तारीख होती.

पेचकसने वळून सगळं सांगितलं. सांगताना तो वडिलांकडे नाही, आईकडे पाहत होता.

या मशीनच्या घड्याळाचा सेल मेला आहे. वीज गेली की घड्याळ झोपतं आणि वीज आली की जिथे झोपलं तिथून पुढे चालायला लागतं. ही डेमोची मशीनं बाहेरच्या जगाशी जोडलेली नसतात, त्यामुळे खरी तारीख त्यांना कोणी सांगत नाही. मागच्या बुधवारी त्याने हे इथे लावलं, तेव्हा मशीनच्या लेखी एप्रिलची बारा तारीख होती, आणि स्टँडची वीज रात्रीही चालू असते. मशीनवरच्या चिठ्ठीतही तेच होतं: बंदराकडच्या गावातलं दुकान, बंद, बारा एप्रिलला मशीन परत. बुधवारपासून कालच्या गुरुवारपर्यंत आठ दिवस. आणि नाव मात्र नऊ दिवसांपूर्वीचं. हा एक दिवस जास्तीचा होता आणि तो कोणीच मोजला नव्हता. तो दिवस या दुकानातला नव्हताच. तो इथून बसने सहा तासांवरच्या गावातला, सात महिन्यांपूर्वीचा होता.

म्हणून डेमोवालीने तिला पाहिलं नव्हतं. म्हणून कोणाभोवती घोळका जमला नव्हता.

"आणि यात गुन्हेगार कोण म्हणाल, तर मी," पेचकस म्हणाला. "मशीन हलवलं की आधीचं सगळं पुसायचं असतं. मी कागदावर पुसलं म्हणून खूण केली आणि पुसलं नाही. घाई होती. तुम्हाला आठ दिवस जी आशा लागली, ती माझ्या कामचुकारपणाची होती."

मैत्रीण भिंतीकडे तोंड करून रडत होती.

"म्हणजे ती इथं आलीच नव्हती," आई म्हणाल्या.

"नाही, ताई."

त्यांनी मान हलवली. हाताशी स्टूल होतं तरी बसल्या नाहीत. थोड्या वेळाने वडील पहिल्यांदा बोलले, आणि तेही पेचकसशी नाही, बायकोशी.

"पण एप्रिलमध्ये होती. घर सोडल्यावर सात महिन्यांनी. होती ना?"

५

होती, आणि चांगली होती, असं मशीन सांगत होतं. आतल्या नोंदींमध्ये पेचकसला ती तेवीस वेळा सापडली, चाळीस दिवसांत. दर वेळी दुपारी चार ते पावणेपाच. सोमवारी एकदाही नाही. म्हणजे कुठेतरी कामाला होती, चारला सुट्टी मिळायची आणि सोमवारी ते ठिकाण बंद असायचं. शेवटच्या सहा नोंदींमध्ये दुसरा कंट्रोलरही चालला होता. त्याने नाव टाकलं नव्हतं आणि दर वेळी तो दुसऱ्या पुलावर पडला होता. कोणीतरी तिच्याबरोबर होतं, ज्याला खेळता येत नव्हतं, तरी येऊन खेळत होतं.

शेवटची नोंद अकरा एप्रिलची. बाराला दुकान बंद झालं. नोंदी संपल्या त्या दुकान संपलं म्हणून. पेचकसने हे वाक्य आईला दोनदा सांगितलं.

त्यांनी विचारलं, "दादा, मी यात काही लिहिलं तर ते तिला कुठं दिसेल का?"

तो नाही म्हणाला. हे मशीन कशालाच जोडलेलं नव्हतं.

रविवारी तिघं त्या गावाला गेली. पेचकसला कोणी बोलावलं नव्हतं, पण त्याला घरी बसवेना. दुकानाच्या जागी आता फरशा विकत होते. जुन्या मॅनेजरचा नंबर मिळाला. तो फोनवर म्हणाला, अहो, रोज पन्नास पोरं यायची, कोण कुठलं लक्षात राहणार. बंदराच्या पोलीस चौकीत वहीसुद्धा उघडली नाही. सज्ञान आहे, स्वतःहून गेली आहे, तेच शब्द, त्याच क्रमाने. मग सोमवारी बंद असणारी ठिकाणं त्यांनी एकामागून एक पालथी घातली. सातव्या ठिकाणी, एका लाँड्रीत, मालकीणबाईंनी फोटो हातात घेतला आणि लगेच ओळखला. हो, होती की. बडबडी. कपड्यांना इस्त्री करायची, हाताला वळण चांगलं होतं. मेमध्ये हिशेब घेऊन गेली. कुठे ते सांगितलं नाही, आणि आपणही विचारलं नाही. एकटी गेली का? नाही, एक मैत्रीण होती, तीही काम सोडून गेली. मैत्रिणीचं नाव काय? सगळे तिला छोटी म्हणायचे.

आई त्या इस्त्रीच्या टेबलावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मालकीणबाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं. आणखी द्यायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं.

६

पुढच्या आठवड्यात कंपनीचा हुकूम आला. नवीन मशीनं येत आहेत, बावीसही दुकानांतली जुनी पुसून परत पाठवा. पेचकसने एक मशीन ठेवून घ्यायची परवानगी मागितली. कारणही खरं ते लिहिलं. उत्तर एका ओळीचं आलं. नोंदी त्याने कागदावर उतरवून आईला दिल्या होत्या, पण कागद म्हणजे नुसते आकडे. शनिवारी सकाळी मशीन काढायचं आहे, एवढं त्याने त्यांना कळवलं.

वॉचमनने मागचं दार उघडलं आणि दोघं आत आली. वडील आज गणवेशात नव्हते. पेचकसने यादी वर आणली आणि तो बाजूला झाला. आई स्क्रीनच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या, मोडक्या टवर बोट ठेवून. वडील मागेच थांबले होते.

"चांगली खेळायची का हो?" त्यांनी विचारलं.

पेचकसने खरं ते सांगितलं. हे काम तो अकरा वर्षं करतो आहे. तिसरा पूल मधोमध तुटतो आणि तिथे सगळे घाबरून उडी मारतात. उडी मारायची नसते, थांबायचं असतं; पूल परत वर येतो. तेवीस वेळा आली, तेवीस वेळा थांबली. असं दुसरं कोणी त्याने पाहिलेलं नव्हतं.

"मला कधी सांगितलं नाही तिनं," वडील म्हणाले.

"तुम्ही विचारलंत का?" आई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

वडिलांनी पुढे होऊन कंट्रोलर उचलला, उलटा धरला. पेचकसने तो सरळ करून दिला. कोल्हा चार पावलं पळाला आणि पहिल्याच पुलावरून खाली गेला. त्यांनी पुन्हा सुरू केलं. पुन्हा गेला. स्टिअरिंग धरून राठ झालेले अंगठे त्या बारीक बटणांवर मावत नव्हते. आई त्यांच्या खांद्याशी येऊन उभ्या राहिल्या आणि स्क्रीनकडे पाहत, हळू, जरा हळू, असं पुटपुटत राहिल्या.

दुकानाचं शटर वर गेलं. मॅनेजर आत आला, त्याने पाहिलं, आणि काउंटरमागे गेला. बाहेर कंपनीची गाडी लागली होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता.

"तिसरा पूल अजून किती लांब आहे?" वडिलांनी विचारलं.

"आहे जरा," पेचकस म्हणाला.

"आणखी एकदा खेळू का?"

पेचकसने बाहेर जाऊन ड्रायव्हरला थांबायला सांगितलं.